निजामिया वेधशाळा आणि पुन्हा पुन्हा उजळणारे तारे

१५ डिसेंबर १८५५ रोजी लंडनमध्ये जॉन रसेल हिंद यांना मिथुन राशीत नकाशात नसलेला एक तारा दिसला. हिंद काम करत ती वेधशाळा सरकारची नव्हती. दारूच्या धंद्यात पैसा कमावलेल्या जॉर्ज बिशप नावाच्या शौकीन माणसानं ती बांधली होती. काही दिवसांत तो तारा मंद होत दिसेनासा झाला. एखादा नवतारा असेल, विझला, असं म्हणून विषय संपला असता. पण मार्च १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांना तो त्याच जागी पुन्हा उजळलेला सापडला. विझलेला तारा तीन महिन्यांत परत कसा येतो?

हेच पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या सरकारी वेधशाळेत आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत, तिथेच राहिले. त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. रूपविकारी म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होत राहतं असा.

मिथुनेतल्या त्या ताऱ्याचं नाव आज यू जेमिनोरम आहे. ड्वार्फ नोव्हा या जातीचा सापडलेला हा पहिला तारा. खरं तर तो एक नाही, जोडी आहे. एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा पृथ्वीएवढा पण प्रचंड जड गाभा, आणि त्याच्या अगदी जवळून फिरणारा एक लालसर तारा. लाल ताऱ्याचा वायू ओढला जातो आणि श्वेत बटूभोवती तबकडीसारखा साचत राहतो. साठा एका मर्यादेपलीकडे गेला की तबकडी तापते, वायू भराभर आत कोसळतो आणि सगळी जोडी कित्येक पटींनी उजळते. मग ओसरते आणि साठा पुन्हा सुरू होतो. तारा फुटत नाही, मरत नाही. यू जेमिनोरमला ही फेरी पूर्ण करायला साधारण शंभर दिवस लागतात, पण हे वेळापत्रक तो पाळतोच असं नाही.

अडचण तिथेच आहे. उजळण्याची तारीख आधी सांगता येत नाही, म्हणून रोज बघावं लागतं. मोठ्या दुर्बिणींना हे परवडत नाही, त्यांच्या रात्री महिनोन्‌महिने आधी वाटून दिलेल्या असतात. हौशी माणसाला मात्र परवडतं. शेजारच्या, प्रत ठाऊक असलेल्या दोन ताऱ्यांशी तुलना करायची, हा त्याहून किती उजळ, याहून किती मंद ते ठरवायचं आणि वेळेसह लिहून ठेवायचं. डोळ्यांचं हे काम फार जुनं आहे. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात टॉलेमीचे आकडे जसेच्या तसे न उचलता त्यांनी ताऱ्यांच्या प्रती स्वतः आकाशाकडे पाहून पुन्हा ठरवल्या होत्या.

आता अशा नोंदींचा काय उपयोग, असं कुणी विचारलं तर मी एस. एस. सिग्नी या ताऱ्याचं उदाहरण देईन. हंस तारकासमूहातला हा ड्वार्फ नोव्हा हार्वर्डच्या लुईसा वेल्स यांना १८९६ मध्ये छायाचित्रांच्या काचांवर सापडला. हबल दुर्बिणीनं त्याचं अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षं काढलं आणि शास्त्रज्ञ पेचात पडले. तो इतक्या लांब असेल, तर तबकडीचा वर सांगितलेला सगळा सिद्धांतच लंगडा पडत होता. अंतर रेडिओ दुर्बिणींनी पुन्हा मोजायचं ठरलं, पण हा तारा रेडिओ लहरींत दिसतो तो उजळलेला असतानाच. जगभरचे हौशी निरीक्षक त्यावर नजर ठेवून होते. तारा उजळला की ते कळवत आणि दुर्बिणी तिकडे वळत. २०१३ मध्ये उत्तर आलं, सुमारे ३७० प्रकाशवर्षं. सिद्धांत वाचला.

याचा औरंगाबादशी, आताच्या छत्रपती संभाजीनगरशी, काय संबंध? संबंध जुन्या राज्याचा आहे. १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, तिथला एक सरदार नवाब जफर जंग बिशपसारखाच शौकीन निघाला. त्यानं विलायतेहून ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण मागवली, हैदराबादेत फिसलबंडा इथल्या आपल्या जागेत वेधशाळा उभारली आणि १९०१ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे तिला ‘निजामिया’ नाव देण्याची परवानगी मागितली. आपल्यामागे ती सरकारनं चालवावी, अशीही त्याची इच्छा होती. १९०७ मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी सरकारनं वेधशाळा ताब्यात घेतली. ती नंतर बेगमपेठेत गेली, १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रांतून नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात हैदराबादनं आपल्या वाट्याचे पट्टे पुरे केले, त्यात साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या. चॅटवुड, पोकॉक, मग टी. पी. भास्करन, मग अकबर अली असे संचालक झाले. भास्करन यांच्या काळात पंधरा इंची दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांचे वेध सुरू झाले. १९६० नंतर तिथल्या खगोलशास्त्राची धुरा सांभाळली ती कृ. दा. अभ्यंकर या मराठी माणसानं.

वेधशाळेतल्या एका सहायकाचा मुलगा वडिलांबरोबर तिथे जायचा. कॉलेजात असतानाच रूपविकारी ताऱ्यांवरचे त्याचे लेख छापून आले. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो १९४९ मध्ये हार्वर्डला पोचला आणि त्याच वर्षी त्यानं एक धूमकेतू शोधला. हा मुलगा म्हणजे वेणू बापू, आजच्या भारतीय खगोलशास्त्राचे शिल्पकार. त्यांच्याकडे पुढे एक सहा इंची दुर्बीण आली. तिचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. जेसोरच्या कचेरीत खजिन्यात काम करणारे राधागोविंद चंद्र मॅट्रिकच्या दर्जाच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेले. पण त्यांनी अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेला सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. खूष होऊन संघटनेनं त्यांना ती दुर्बीण उसनी दिली होती.

मराठवाड्यात निजामाच्या राज्याबद्दल लिहिलं-बोललं जातं ते रझाकार आणि मुक्तिसंग्रामाबद्दल. ते अत्याचार घडले, ती लढाई न्याय्य होती आणि तिच्यावर लिहिलं जायलाच हवं. दुसरीकडे आपल्याच काही मुसलमान घरांत निजामाच्या हिऱ्यांच्या आणि मोटारींच्या गप्पा अजून संपत नाहीत. या दोन्हींत वेधशाळा कुठेच नाही. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा सारा ज्या तिजोरीत जात होता, तिच्यातूनच तीही चालत होती. म्हणजे तिच्यावर आपलाही हक्क आहे, निदान ती आठवण्याचा तरी. मला हिऱ्यांपेक्षा भास्करन यांच्या वह्या मोलाच्या वाटतात.

आज नवे ड्वार्फ नोव्हा बहुतेक स्वयंचलित कॅमेऱ्यांना सापडतात. पण शोध लागल्यावरचे पहिले काही दिवस अजून माणसं लागतात. काही जोड्या एकमेकींभोवती अवघ्या ऐंशी-नव्वद मिनिटांत फिरतात आणि प्रकाशातले बारीक चढउतार सलग मोजले तरच ते कळतं. डब्ल्यू. झेड. सॅजिटी हा तारा १९१३, १९४६ आणि १९७८ मध्ये उजळला होता. पुढची पाळी २०१० च्या आसपास धरली होती, तो २००१ च्या जुलैतच उजळला आणि आधी पाहिला एका जपानी हौशी निरीक्षकानं. अशा वेळी एका गावात तारा मावळला की दुसऱ्या रेखांशावरच्या कुणीतरी तो हाती घ्यावा लागतो. जपानपासून युरोपपर्यंतच्या त्या साखळीत भारत मधोमध येतो. (जुलैत आपल्यावर ढग असतात, हा भाग वेगळा.)

यू जेमिनोरम तर जवळजवळ आपल्या डोक्यावरून जातो. फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास पुनर्वसूची जोडी वर आली की तिच्या थोडं दक्षिणेला त्याची जागा. एरवी तो चौदाव्या प्रतीचा, लहान दुर्बिणीला न दिसणारा. उजळला की नवव्या प्रतीपर्यंत येतो, मग शहराबाहेर दौलताबाद-खुलताबादच्या बाजूला सहा इंची दुर्बिणीतही सापडतो. बाकी नकाशा, घड्याळ आणि वही. आणि तारा दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ असंच तारीख-वेळ घालून लिहायचं. तीही नोंद धरली जाते.