संपाविना अपुरा राहिलेला हंगाम : बंगळुरू एफसी आणि खेळाडूंचा प्रश्न

बंगळुरू : शहराच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोडवर कृत्रिम गवताची भाड्याने मिळणारी मैदाने संध्याकाळनंतर दिव्यांनी उजळतात. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील कर्मचारी आणि शाळकरी मुले तेथे तासाच्या हिशेबाने फुटबॉल खेळतात. याच शहराचे प्रतिनिधित्व करणाऱ्या व्यावसायिक संघाला मात्र 2025च्या उत्तरार्धात लीगचा एकही सामना खेळता आला नाही. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) 2024-25च्या साखळीत प्रत्येक संघाने 24 सामने खेळले होते. 2025-26साठी ही संख्या 13 ठरली. खेळाडूंच्या संपामुळे हंगाम आखडल्याची उदाहरणे जगात आहेत. येथे मात्र खेळाडू खेळण्यास तयार असूनही हंगाम आखडला.

संघाची पार्श्वभूमी

बंगळुरू एफसीची स्थापना जेएसडब्ल्यू समूहाने 2013मध्ये केली. पदार्पणाच्याच 2013-14च्या हंगामात आय-लीगचे विजेतेपद मिळवून संघाने लक्ष वेधले. 2015-16मध्ये दुसऱ्यांदा हा मान मिळाला, तर 2016मध्ये एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. 2017-18पासून आयएसएलमध्ये दाखल झालेल्या या संघाने 2018-19मध्ये लीग जिंकली. 12 एप्रिल 2025 रोजी कोलकात्यात झालेल्या अंतिम सामन्यात त्याला मोहन बागानकडून 2-1 असा पराभव पत्करावा लागला. चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्रीने त्या हंगामात 14 गोल केले होते. संघाची कामगिरी उंचावत असतानाच पुढील हंगाम अनिश्चित झाला.

वादाचे मूळ

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर 2010मध्ये आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा व्यावसायिक हक्क करार केला. एकूण 700 कोटी रुपयांच्या या कराराची अंमलबजावणी पुढे फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड (एफएसडीएल) या कंपनीकडे आली आणि 2014मध्ये तिने आयएसएल सुरू केली. कराराची मुदत 8 डिसेंबर 2025 रोजी, म्हणजे ऐन हंगामाच्या मध्यावर संपणार होती.

नूतनीकरण वेळेत झाले नाही. महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने नव्या कराराबाबत निर्णय घेण्यात महासंघासमोर अडचणी होत्या. कराराविना पूर्ण हंगामाचे नियोजन करणे शक्य नसल्याचे कारण देत एफएसडीएलने 11 जुलै 2025 रोजी 2025-26चा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कळवले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये घटनेला मान्यता दिल्यानंतर ऑक्टोबरमध्ये निविदा मागवण्यात आली. मात्र नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही.

वेतन थांबले

या अनिश्चिततेची झळ ऑगस्टमध्येच खेळाडूंपर्यंत पोहोचली होती. लीगच्या भवितव्याबाबत स्पष्टता नसल्याचे सांगून बंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन बेमुदत स्थगित केल्याचे जाहीर केले. युवा संघ आणि फुटबॉल शाळांचे काम सुरू राहील, असेही क्लबने स्पष्ट केले. अन्य क्लबांनीही सराव थांबवणे किंवा खर्च कमी करणे असे मार्ग स्वीकारले.

जागतिक फुटबॉल महासंघ फिफाच्या नियमांनुसार किमान दोन महिन्यांचे वेतन बेकायदा थकल्यास खेळाडू 15 दिवसांची लेखी मुदत देऊन योग्य कारणास्तव करार संपुष्टात आणू शकतो. परंतु हा हक्क वैयक्तिक आहे. करार मोडून बाहेर पडणाऱ्याला दुसरा क्लब हवा असतो, आणि देशातील सर्वोच्च लीगच बंद असताना तो पर्याय मुख्यतः परदेशी खेळाडूंपुरता उरतो. दुसऱ्या फळीतील भारतीय खेळाडूकडे वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नसते.

संपाचे अमेरिकी उदाहरण

याउलट चित्र अमेरिकेतील फुटबॉलमध्ये 1982 साली दिसले. हा खेळ वेगळा. लंबगोल चेंडू हाताने फेकून व पळवून तो खेळला जातो. तेथील राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या (एनएफएल) खेळाडू संघटनेने लीगच्या एकूण उत्पन्नातील 55 टक्के वाटा मागितला आणि दोन फेऱ्यांनंतर संप पुकारला. तो 57 दिवस चालला आणि 16 सामन्यांचा हंगाम नऊ सामन्यांवर आला. वॉशिंग्टनच्या संघाने त्यांपैकी आठ सामने जिंकले आणि 30 जानेवारी 1983 रोजी मायामीला 27-17 असे हरवून सुपर बोल पटकावला. उत्पन्नातील वाटा खेळाडूंना मिळाला नाही. मात्र सेवाकाळानुसार किमान वेतन आणि निवृत्तीच्या वेळी देय रक्कम त्यांच्या पदरात पडली. मुंबईतील गिरणी कामगारांचा संपही त्याच वर्षी 18 जानेवारीला सुरू झाला होता.

1987मध्ये एनएफएल खेळाडू पुन्हा संपावर गेले. या वेळी क्लबमालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन फेऱ्या खेळवल्या. गिरणगावाला परिचित असलेल्या ‘बदली’ पद्धतीसारखाच हा उपाय होता. 24 दिवसांत संप मोडला आणि एक फेरी रद्द होऊन हंगाम 15 सामन्यांचा झाला. त्यानंतर खेळाडूंनी न्यायालयाचा मार्ग धरला आणि 1993मध्ये करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याचा हक्क मिळवला. दोन्ही संपांत पराभवाचा भाग मोठा होता.

भारतातील अनुभव

भारतात खेळाडूंनी सामूहिकपणे काम थांबवल्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. जानेवारी 2010मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात विश्वचषकाच्या सराव शिबिरासाठी जमलेल्या पुरुष हॉकी संघाने थकीत मोबदल्यासाठी सरावावर बहिष्कार टाकला. कर्णधार राजपाल सिंगसह सारे खेळाडू एकत्र राहिले. 13 जानेवारीला तोडगा निघाला. दिल्लीतील विश्वचषक 28 फेब्रुवारीपासून असल्याने प्रशासनावर वेळेचे दडपण होते. स्पर्धा जवळ असणे हेच खेळाडूंचे बळ होते.

बंगळुरूच्या फुटबॉलपटूंकडे ते बळ नव्हते. जी लीग सुरूच झाली नाही, तिच्यावर बहिष्कार कसा घालणार? बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने 2006मध्ये भारतीय फुटबॉलपटूंची संघटना स्थापन झाली. तथापि लीग, क्लब व खेळाडू यांना बांधणारा एनएफएलच्या धर्तीवरील सामूहिक करार अस्तित्वात नाही. त्यामुळे व्यावसायिक हक्कांच्या वाटाघाटीत खेळाडू पक्षकार नव्हते. जानेवारी 2026च्या आरंभी छेत्री, गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू आणि संदेश झिंगन यांच्यासह अनेक खेळाडूंनी चित्रफितीद्वारे थेट फिफाला हस्तक्षेपाचे आवाहन केले.

तेरा सामन्यांचा हंगाम

केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी 6 जानेवारी 2026 रोजी सर्व 14 क्लबांच्या सहभागाने 14 फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल, असे जाहीर केले. घरच्या व परक्या मैदानावर प्रत्येकी एक लढत या नेहमीच्या पद्धतीऐवजी प्रतिस्पर्ध्याशी एकदाच सामना, अशी 91 सामन्यांची रचना ठरली.

सामने निम्म्यावर येण्याचा परिणाम तिकीटविक्री व प्रायोजकत्वावर होतो, तसाच तो खेळाडूच्या कारकिर्दीवरही होतो. फुटबॉलपटूची ऐन बहराची वर्षे मोजकीच असतात आणि संघात जागा मिळवू पाहणाऱ्या तरुणाच्या वाट्याला 13 सामन्यांत येणारी संधी अगदी अल्प असते. अमेरिकी खेळाडूंनी 1982मध्ये सात सामने गमावले, ते स्वतःच्या निर्णयाने आणि काही मागून. बंगळुरूच्या खेळाडूंनी अकरा सामने गमावले, ते इतरांच्या करारामुळे. पुढील दीर्घकालीन करार होताना खेळाडूंचा प्रतिनिधी त्या टेबलावर असेल का, हा प्रश्न अपुऱ्या हंगामाने मागे ठेवला आहे.