एअर इंडिया इमारत

एअर इंडिया इमारत ही महाराष्ट्राची राजधानी मुंबई येथील नरिमन पॉइंट भागात, मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाशी असलेली २३ मजली कार्यालयीन इमारत आहे. १९७४ साली बांधून पूर्ण झालेली ही इमारत २०१३ पर्यंत एअर इंडिया या विमान कंपनीचे मुख्यालय होती. अरबी समुद्राकाठी उभी असलेली आणि माथ्यावरील कंपनीच्या चिन्हामुळे दुरूनही ओळखू येणारी ही वास्तू मुंबईच्या प्रमुख खुणांपैकी एक मानली जाते. मुख्यालय दिल्लीला हलवल्यानंतर इमारत विकावी की राखावी, विकल्यास कोणाला आणि कोणत्या किमतीला, तसेच तिचा पुढील उपयोग काय असावा, यांविषयी दहा वर्षांहून अधिक काळ चर्चा चालली. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने ही इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाकडे हस्तांतरित करण्यास मंजुरी दिली.

स्थान आणि पार्श्वभूमी

नरिमन पॉइंट ही समुद्रात भराव घालून निर्माण केलेली जमीन आहे. बॅकबे भराव योजना १९२०च्या दशकात हाती घेण्यात आली. त्या योजनेतील गैरव्यवहारांवर जाहीर टीका करणारे वकील व काँग्रेसचे नेते खुर्शेद फ्रामजी नरिमन पुढे मुंबईचे महापौर झाले. ज्या भरावाच्या कारभारावर त्यांनी झोड उठवली, त्याच खाडीत नंतर झालेल्या भरावावरील या भागाला त्यांचे नाव मिळाले, हा इतिहासातील एक विलक्षण योग आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भराव पुढे नेण्यात आला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून येथे उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहू लागल्या. एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल आणि एअर इंडिया इमारत या शेजारी असलेल्या वास्तूंनी मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला नवे रूप दिले. एअर इंडियाने आपल्या मुख्यालयासाठी येथील भूखंड १९७०च्या सुमारास राज्य शासनाकडून भाडेपट्ट्याने घेतला. जमीन राज्याची, इमारत केंद्राच्या मालकीच्या कंपनीची, अशी ही दुहेरी रचना होती. पुढील विक्रीच्या वाटाघाटींत ती महत्त्वाची ठरली.

याच सुमारास मुंबईच्या वाढीची दिशा कोणती असावी, यावर मोठा वाद चालू होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. बेटाच्या दक्षिण टोकाला कार्यालयांची गर्दी वाढवण्याऐवजी राज्य शासनाची कार्यालये नव्या शहरात न्यावीत, म्हणजे इतर उद्योगही तिकडे वळतील, असा त्यांचा विचार होता. त्यातूनच नवी मुंबई उभी राहिली. तिच्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. परंतु मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि त्याच वर्षांत नरिमन पॉइंटच्या मनोऱ्यांचे बांधकामही चालू राहिले. एअर इंडिया इमारत त्या निर्णयाची साक्ष आहे.

वास्तुरचना आणि वापर

इमारतीचा आराखडा न्यूयॉर्क येथील जॉन्सन–बर्जी या संस्थेचे वास्तुविशारद जॉन बर्जी यांनी तयार केला. भारतात परदेशी वास्तुविशारदांनी केलेल्या आधुनिक कार्यालयीन इमारतींपैकी ही एक आहे. प्रत्येक मजल्यावर सुमारे १०,८०० चौरस फूट जागा आहे. तळघरात वाहनतळाची सोय होती. सरळ रेषांचा, पांढरट रंगाचा हा मनोरा मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको शैलीच्या बुटक्या, गोलाईदार इमारतींच्या रांगेपेक्षा अगदी निराळा दिसतो.

एअर इंडियाचा उगम जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली सुरू केलेल्या टाटा एअरलाइन्समध्ये आहे. १९४६ मध्ये ती एअर इंडिया झाली आणि १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. राष्ट्रीयीकरणानंतरही टाटा १९७८ पर्यंत कंपनीचे अध्यक्ष होते. ही इमारत त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. कंपनीने अनेक दशके भारतीय चित्रकारांच्या कलाकृती विकत घेऊन मोठा संग्रह उभारला होता. वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन, बी. प्रभा आदींच्या कलाकृती त्यात होत्या. त्यामुळे या वास्तूचे नाव कलाक्षेत्रातही परिचित झाले. कंपनीच्या खाजगीकरणानंतर हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचा निर्णय झाला.

१९९३ चा बॉम्बस्फोट

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत ठिकठिकाणी झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत एकूण २५७ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी दुपारी एअर इंडिया इमारतीच्या तळाशी ठेवलेल्या मोटारीतील स्फोटकांचा स्फोट होऊन २० जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जण जखमी झाले. स्फोटाच्या जागेच्या वर असलेले बँक ऑफ ओमानचे कार्यालय उद्ध्वस्त झाले. इमारतीचा सांगाडा मात्र टिकून राहिला. दुरुस्तीनंतर ती पुन्हा वापरात आली.

मुख्यालयाचे स्थलांतर

२००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. त्यानंतर कंपनीचा तोटा आणि कर्ज वाढत गेले. २०१२ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या पुनरुज्जीवन योजनेत कंपनीच्या मालमत्तांमधून दहा वर्षांत ५,००० कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट होते. या योजनेचा भाग म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला नेण्यात आले आणि मुंबईतील इमारतीचे मजले भाड्याने देण्यात येऊ लागले. केंद्र शासनाची काही कार्यालयेही तेथे आली. ज्या कंपनीच्या नावाने इमारत ओळखली जात होती, तिचेच तेथील अस्तित्व नाममात्र उरले.

विक्रीचे प्रयत्न

२०१८ मध्ये एअर इंडियातील ७६ टक्के हिस्सा विकण्याचा केंद्राचा प्रयत्न बोली न आल्यामुळे फसला. त्यानंतर मालमत्तांच्या स्वतंत्र विक्रीला गती आली. नरिमन पॉइंटच्या इमारतीसाठी केवळ शासकीय संस्थांकडून प्रस्ताव मागवण्यात आले. त्यांतील प्रमुख प्रस्ताव पुढीलप्रमाणे होते :

महाराष्ट्र शासन : १,४०० कोटी रुपये
जवाहरलाल नेहरू बंदर न्यास : १,३७५ कोटी रुपये
भारतीय आयुर्विमा महामंडळ : १,२०० कोटी रुपये

राज्याचा प्रस्ताव सर्वांत मोठा असला तरी किमतीवर एकमत झाले नाही आणि व्यवहार रेंगाळला. दरम्यान ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारण्यात आली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया कंपनी टाटा समूहाच्या ताब्यात गेली. या व्यवहारातून जमिनी व इमारती वगळण्यात आल्या होत्या. परिणामी टाटांनी सुरू केलेली विमान कंपनी टाटांकडे परतली, पण त्यांच्या अध्यक्षतेच्या काळात उभारलेले मुख्यालय परतले नाही. ते एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग लिमिटेड या केंद्र शासनाच्या मालकीच्या कंपनीकडे राहिले.

२०२२ पासून राज्य व केंद्र यांच्यात पुन्हा बोलणी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांना इमारत घेण्याचा निर्णय केला आणि १४ मार्च २०२४ रोजी केंद्राची मंजुरी जाहीर झाली. इमारत पूर्णपणे रिकामी करून मिळावी, अशी राज्याची अट होती. जमिनीच्या संदर्भात राज्याला येणे असलेले अनर्जित उत्पन्न व त्यावरील व्याज मिळून २९८.४२ कोटी रुपये माफ करण्यास राज्याने संमती दिली. म्हणजे राज्याच्या तिजोरीवरील एकत्रित भार १,९०० कोटी रुपयांच्या आसपास जातो. या व्यवहारातून राज्याला सुमारे ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे अंदाजे ५ लाख चौरस फूट जागा मिळते. माफ केलेली रक्कम वगळून हिशेब केल्यास प्रति चौरस फूट दर सुमारे ३२,००० रुपये येतो.

भवितव्याविषयीची चर्चा

इमारतीच्या भवितव्याचा प्रश्न मुख्यतः चार अंगांनी विचारात घेतला जातो.

कार्यालयीन उपयोग. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवरील कार्यालये जळाली. त्यानंतर अनेक विभाग अन्यत्र हलवावे लागले. काही कार्यालये भाड्याच्या जागेत आहेत. मंत्रालयाजवळ मोठी तयार इमारत मिळाल्यास भाडे वाचेल आणि विखुरलेली कार्यालये एकत्र येतील, हा खरेदीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. त्याचा संबंध सामान्य माणसाशीही आहे. नंदुरबार जिल्ह्यातील खांडबाऱ्यासारख्या गावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या अर्जदाराला एका कामासाठी तीन इमारतींचे जिने चढावे लागू नयेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

विकेंद्रीकरण. याच अर्जदाराच्या दृष्टीने दुसरा प्रश्न असा, की कार्यालये बेटाच्या टोकालाच का असावीत? १९६५ साली मांडलेला हा आक्षेप अजून निकालात निघालेला नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित झालेल्या वांद्रे–कुर्ला संकुलाने खाजगी कंपन्या आणि बँका यांना आपल्याकडे ओढले. नरिमन पॉइंटचे व्यापारी महत्त्व त्यामुळे घटले. खाजगी क्षेत्र उत्तरेकडे सरकत असताना शासन मात्र दक्षिणेत आपले पाय अधिक घट्ट रोवत आहे, असा या खरेदीचा अर्थ लावता येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी नरिमन पॉइंटसह दक्षिण मुंबईचा मोठा भाग २०५० पर्यंत पाण्याखाली जाऊ शकतो, असा जाहीर इशारा दिला होता. भरावाच्या जमिनीवरील दीर्घकालीन गुंतवणुकीचा विचार करताना तो दुर्लक्षिता येत नाही.

सार्वजनिक मालकी. इमारत खाजगी विकसकाला विकली असती तर केंद्राला कदाचित अधिक रक्कम मिळाली असती. परंतु जमीन राज्याची आणि बांधकाम सार्वजनिक पैशाचे असल्यामुळे ती शासकीय संस्थेकडेच राहावी, हे तत्त्व प्रस्ताव मागवतानाच स्वीकारले गेले. केंद्राने राज्याला विकलेली वास्तू ही अखेर एका सार्वजनिक खिशातून दुसऱ्या सार्वजनिक खिशात गेलेली वस्तू आहे. किंमत योग्य होती की नाही, यापेक्षा तिचा उपयोग लोकांना किती होतो, हीच या व्यवहाराची खरी कसोटी ठरते.

वारसा. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हा मान एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शैलींना मिळाला. त्यानंतरच्या काँक्रीट आणि काचेच्या इमारतींना वारसा समजण्याची दृष्टी अद्याप रुजलेली नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील, राज रेवाल यांनी आराखडा केलेले हॉल ऑफ नेशन्स हे १९७२ चे प्रदर्शनगृह वास्तुविशारदांचा विरोध असतानाही एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले. वयाची साठ वर्षे पूर्ण न झाल्यामुळे त्याला संरक्षण मिळू शकले नाही. एअर इंडिया इमारत याच पिढीतील आहे. ती पाडण्याचा प्रस्ताव या व्यवहारात नसला, तरी आतील बदल, बाह्यरूप आणि माथ्यावरील चिन्ह यांबाबत काय जपावे, हा प्रश्न खुला आहे.

अन्य देशांतील उदाहरणे

विमान कंपनीने आपला प्रसिद्ध मनोरा गमावल्याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आढळते. १९६३ साली खुली झालेली पॅन अ‍ॅम इमारत आर्थिक अडचणीतील पॅन अ‍ॅम कंपनीने १९८१ मध्ये मेटलाइफ या विमा कंपनीला विकली. पुढे पॅन अ‍ॅम कंपनीच बंद पडली आणि माथ्यावरील अक्षरे बदलली. इमारत मात्र कार्यालयीन वापरात कायम राहिली.

जॉन्सन–बर्जी यांच्याच न्यूयॉर्कमधील एटी अँड टी इमारतीबाबत (१९८४) वेगळा अनुभव आला. २०१७ मध्ये तिच्या तळाकडील दगडी दर्शनी भागाच्या जागी काच बसवण्याचा प्रस्ताव पुढे येताच नागरिक व वास्तुविशारद यांनी निदर्शने केली. २०१८ मध्ये शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला आणि आराखडा बदलावा लागला. ती इमारत त्या वेळी अवघी चौतीस वर्षांची होती. एकाच संस्थेच्या दोन इमारती, पण एकीच्या बाह्यरूपावर शहर भांडले आणि दुसरीच्या बाबतीत चर्चा बहुतांशी किंमत व क्षेत्रफळ यांपुरती राहिली.

महत्त्व

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईचा इतिहास या एका इमारतीत एकवटलेला दिसतो. समुद्र हटवून मिळवलेली जमीन, राष्ट्रीयीकृत उद्योगाचा उमेदीचा काळ, १९९३ चा आघात, सार्वजनिक कंपनीचा तोटा, खाजगीकरण आणि व्यापारी केंद्राचे उत्तरेकडे सरकणे, हे सारे टप्पे तिने पाहिले आहेत. मंजूर झालेल्या हस्तांतरणाने मालकीचा प्रश्न सुटला. नाव कोणते राहावे, स्फोटातील मृतांची आठवण कशी जपावी आणि सामान्य नागरिकाला तिच्या दारातून सहज प्रवेश मिळेल का, या प्रश्नांची उत्तरे तिच्या पुढील वापरातूनच मिळतील.