ए-बी-सी-डीच्या क्रमाने वसलेली गावं

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताचा नकाशा उघडा आणि मेल्व्हिलपासून पश्चिमेला रेल्वेच्या रुळावर बोट फिरवत जा. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इट्यूना, जॅस्मिन, केलिहर... काही लक्षात आलं? एफ, जी, एच, आय, जे, के! पार यंग आणि झेल्मापर्यंत. अक्षरं संपली तर पुन्हा ए पासून : ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट.

ही नावं तिथल्या लोकांनी ठेवलेलीच नाहीत. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वे कंपनीने 1907-08च्या सुमारास रूळ टाकले, ठराविक अंतरावर स्टेशनं आखली आणि यादीतून नावं देत गेली. अंतरही हिशोबाने. शेतकऱ्याने घोडागाडीत गहू भरून आणावा आणि दिवसाउजेडी घरी परतावं, एवढंच. प्लॉट विकायला कंपनीची वेगळी उपकंपनी. म्हणजे गाव हाच माल!

सरकार 10 डॉलर फीमध्ये 160 एकर देत होतं. अट एकच, तिथे राहा आणि जमीन कसा. इट्यूना-गुडीव्हकडे युक्रेनियन शेतकरी आले. पण ही जमीन ‘रिकामी’ होती असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. 1874 मध्ये फोर्ट क्वापेलला क्री, सोटो आणि असिनिबॉइन लोकांबरोबर चौथा करार झाला, त्यातला हा मुलूख. करारानंतर ते राखीव तुकड्यांवर गेले आणि उरलेल्यावर ही मुळाक्षरं उमटली.

मेल्व्हिल हे नाव मात्र खुद्द कंपनीच्या अध्यक्षांचं, चार्ल्स मेल्व्हिल हेज. 1912 मध्ये टायटॅनिकवर गेले बिचारे. कंपनीही पुढे कर्जात बुडाली आणि सरकारी कॅनेडियन नॅशनलमध्ये विलीन झाली.

गावं राहिली ती स्टेशनाशेजारच्या उंच लाकडी धान्यकोठारांच्या जिवावर. त्यांना तिकडे एलिव्हेटर म्हणतात. 1930च्या दशकात कॅनडाच्या गवताळ प्रदेशात अशी साडेपाच हजारांहून जास्त होती. मग ट्रक आले, रस्ते झाले, घोडागाडीचं अंतर निरर्थक ठरलं. 1995 मध्ये धान्यवाहतुकीची जुनी सवलत बंद झाली. कंपन्यांनी मोजक्या ठिकाणी काँक्रीटची प्रचंड कोठारं बांधली आणि लाकडी पाडत सुटल्या. कोठार गेलं की दुकान जातं, मग शाळा.

गाव कुठे वसणार हे गावकऱ्यांना विचारलं नव्हतं. कोठार पाडतानाही कुणी विचारलं नाही. झेल्मात आज मोजकीच घरं आहेत. मालगाड्या मात्र त्याच रुळावरून धडधडत जातात, न थांबता.