आवाज येतो, पण शब्द कळत नाही



“आवाज येतो गं, पण बोललेलं कळत नाही.” गटागटांतून फिरताना वयस्क बायकांकडून हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकतो. घरचे याचा अर्थ वेगळाच लावतात. म्हातारीला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, असं म्हणून मोकळे होतात. पण आजी म्हणते ते अगदी खरं आहे. आवाज येणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे माणसाला नीट उमगलं ते टेलिफोन, रेडिओ आणि कानाचं मशीन बनवता बनवता. आज त्याचाच इतिहास सांगतो.

आधी आवाज म्हणजे काय ते पाहू. आवाज म्हणजे हवेची कंपनं. सेकंदाला किती कंपनं होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. ढोलाचा घुमारा म्हणजे कमी कंपनांचा जाड सूर. बांगड्यांची किणकिण म्हणजे जास्त कंपनांचा बारीक सूर. आपल्या बोलण्यात दोन्ही असतात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस. स, श, च, फ ही अक्षरं बारीक आणि हलकी. आता ‘साठ’ म्हणा. त्यातला ‘स’ कानापर्यंत पोचलाच नाही, तर मागे काय राहिलं? ‘आठ’. आवाज तर पोचला, पण रक्कम बदलली.

प्रत्येक मायक्रोफोन, प्रत्येक कानाचं मशीन ही एक चाळणी असते. काही सूर ती पुढे सोडते, काही अडवते. आपला कानही तसाच. वय वाढलं की बहुतेकांचे बारीक सूर आधी जातात. गिरणीत, यंत्रमागावर, मळणीयंत्राजवळ वर्षानुवर्षं काम केलं तरी तेच होतं.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं. ते मूळचे बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येत होतं. पत्नी मेबल यांचं ऐकणं तर लहानपणीच तापात गेलं होतं. पुढे टेलिफोनमध्ये कोळशाचे बारीक कण भरलेला मायक्रोफोन आला. आवाजाने ते कण दाबले जात आणि त्याप्रमाणे वीज कमीजास्त होई. आवाज जोरात जायचा, पण खरखरीत. अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांनी १८९८ च्या सुमारास विजेवर चालणारं कानाचं यंत्र बनवलं, तेही याच मायक्रोफोनवर.

टेलिफोनवर शब्द का कळत नाहीत, याचा शोध बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पद्धत साधी होती. एकाने तारेच्या या टोकाला अर्थ नसलेली अक्षरं म्हणायची, दुसऱ्याने त्या टोकाला ऐकू येईल ते लिहायचं. अर्थ नसलेलीच का? तर ऐकणाऱ्याला अंदाजाने भरून काढता येऊ नये म्हणून. मग कधी जाड सूर काढून टाकायचे, कधी बारीक, आणि चुका मोजायच्या. निघालं असं, की बोलण्यातला जोर बहुतेक जाड सुरांत असतो, पण शब्द ओळखायला त्या हलक्या बारीक सुरांची फार गरज असते.

मैत्रिणींनो, ही अंदाजाची गोष्ट लक्षात ठेवा. घरातल्या गप्पांत आजी निम्मं ऐकते आणि निम्मं ओळखते, म्हणून तिचं निभावून जातं. नाव आणि आकडा मात्र ओळखता येत नाही. आणि गटाच्या बैठकीत नावं आणि आकडेच तर असतात.

खर्च वाचवायला टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा न्यायचा, असं पुढे ठरून गेलं. बोलणं समजायला तेवढं पुरतं, पण काठावरचं. ‘स’चा मोठा भाग त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर नाव सांगताना आजही “ससाचा स” असं सांगावं लागतं.

रेडिओचंही तसंच झालं. १९२७ पासून अमेरिकेत प्रत्येक केंद्राला जी जागा मिळाली, तिच्यात आवाजाचे ५००० हर्ट्झपर्यंतचेच सूर बसत. बाईच्या तोंडचा ‘स’ पुरुषाच्या ‘स’पेक्षा बारीक असतो, त्यामुळे बाईचं बोलणं जास्त कापलं गेलं. त्या काळात तिथे बाईचा आवाज रेडिओला शोभत नाही, अशी तक्रार होतच होती. त्याच वर्षी बेल कंपनीच्या जे. सी. स्टाइनबर्ग यांनी लिहिलं, की आवाज वाढवला की बाईचं बोलणं समजायला जड जातं, तिने हळू आवाजातच बोलावं. चाळणी बारीक होती, पण दोष धान्याला लावला.

आता कानाच्या मशीनकडे येऊ. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवेत ‘मेड्रेस्को’ नावाचं मशीन मोफत मिळू लागलं. मोठी सोय झाली. पण अशा अंगावर लावायच्या मशीनमध्ये मायक्रोफोन डबीतच असतो. डबी कपड्याआड गेली की बारीक सूर अडतात आणि कापडाची घासघास मोठी होते. आपल्याकडेही खिशातलं मशीन पदराखाली झाकलं तर हेच घडतं. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचं मशीन आलं आणि मशीन लहान होऊ लागलं. १९६२ साली जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन शोधला. छोटा, स्वस्त आणि बारीक सूरही नीट पकडणारा. पुढे तो कानाच्या मशीनमध्येही आला.

आधी समजूत होती, की एकच ठेवण बहुतेकांना चालेल. १९७६ साली ऑस्ट्रेलियात असं सूत्र मांडलं गेलं, की ज्या सुरात कान जितका मंद, त्या सुरात मशीनने तितकी मदत वाढवावी. म्हणून आज आधी तपासणीचा आलेख काढतात आणि मग मशीन त्या कानाला जुळवतात. अलीकडे, २००१ मध्ये, अमेरिकेत ओमाहाच्या संशोधकांना दिसलं, की पुरुषाचा ‘स’ ओळखायला मुलांना ५००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू आलं तरी पुरतं, बाईचा ओळखायला ९००० पर्यंत लागतं. तेव्हाची बरीच मशीनं तिथवर पोचतच नव्हती. विचार करा, मूल दिवसभर बोलणं कोणाचं ऐकतं? आईचं आणि बाईंचं.

मग आपण काय करायचं? बाजारात मिळणारं, नुसता आवाज वाढवणारं यंत्र तपासणीशिवाय घेऊ नका. त्याने जाड सूर कानठळ्या बसवतात आणि शब्द तसाच हरवतो. ऑडिओलॉजिस्टकडून दोन्ही कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेत कानाचं मशीन मिळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मशीन मिळालं आणि शब्द कळत नसले, तर ते पेटीत ठेवू नका, पुन्हा जुळवून घ्या.

आणि ओरडू नका. ओरडल्याने ‘आ’ वाढतो, ‘स’ तेवढा वाढत नाही. आजीच्या समोर, जवळ बसा. तोंडावरचा पदर बाजूला करा, सावकाश बोला. आकडा बोटांवर दाखवा, वहीत मोठा लिहून दाखवा. पुढच्या बैठकीत आजींना मागच्या ओळीतून पुढे बसवा आणि हप्ता त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या.