सुइणीला निरोप

बाळंतपणाचा इतिहास लिहिणारे बहुधा औषधांचा, शस्त्रांचा आणि रुग्णालयांचा इतिहास लिहितात. निरोपाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक अपरात्री कळा सुरू झाल्या म्हणजे घरातील कोणी तरी कंदील घेऊन सुइणीच्या दाराशी धावे, आणि ती येईपर्यंतच्या काळातच पुष्कळदा जीवनमरणाचा निकाल लागून जाई. आज आम्हांला त्या निरोपाविषयीच बोलावयाचे आहे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी १९९४ साली एका निबंधात बाळंतिणींच्या मृत्यूची मीमांसा ‘विलंब’ या एका शब्दाभोवती केली. मदत घ्यावी की नाही हे ठरविण्यात पहिला विलंब होतो. ठरल्यावर दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात दुसरा. आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात तिसरा. हे तीन विलंब श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. कारण पुढे जी जी यंत्रे निघाली त्यांचे मोल याच मापाने करावे लागते.

पहिला उल्लेखनीय प्रयोग झाला तो पूर्व युगांडातील इगांगा जिल्ह्यात, १९९६ साली, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साहाय्याने. खेड्यांतील पारंपरिक सुइणींच्या हाती बिनतारी बोलके संच देण्यात आले. आरोग्यकेंद्रांत ठाणी उभारली, गाड्यांवरही संच बसविले, आणि वीज घेतली सूर्याकडून. अडलेल्या बाईच्या उशाशी बसलेली सुईण आता केंद्रातील परिचारिकेचा सल्ला घेऊ शके व गाडीही मागवू शके. आमच्या मते यातील खरी नवलाई यंत्राची नव्हेच. ज्या बाईला आजवर अडाणी म्हणून बाजूला सारले जाई, तिचा शब्द दवाखान्यात ऐकू जाऊ लागला, ही ती नवलाई.

पुढे भ्रमणध्वनी आला आणि संच वाटण्याची गरज उरली नाही. झांजीबार बेटांवर २००९-१० मध्ये २४ आरोग्यकेंद्रे निवडून २,५५० गर्भवती स्त्रियांवर एक पद्धतशीर अभ्यास झाला. निम्म्या केंद्रांतील स्त्रियांना गर्भारपणात लघुसंदेश मिळत, शिवाय सुइणीला फोन करता यावा म्हणून बोलण्याच्या खर्चाची सोयही करून दिलेली. या गटातील शंभरांपैकी ६० जणींची बाळंतपणे प्रशिक्षित हातांनी झाली. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ४७ होते. आकडा मोठा समाधानाचा! पण तो फोडून पाहिला तेव्हा दिसून आले की लाभ झाला तो शहरी स्त्रियांना. खेड्यातील स्त्रियांच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. निरोप पोहोचला, तरी निरोपाने रस्ता तयार होत नाही आणि गाडीही दाराशी येत नाही. पहिला विलंब हटला म्हणून दुसरा आपोआप हटत नाही, हे येथे स्पष्ट झाले. आणि ज्यांना गरज अधिक त्यांच्याच वाट्याला ते आले.

दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये ‘मॉमकनेक्ट’ नावाची योजना सबंध देशासाठी सुरू केली. गर्भवतीची नोंद होताच तिला तिच्या भाषेत विनामूल्य संदेश येऊ लागत. राजमान्य अकरा भाषांतून ही सोय होती. परंतु आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. या योजनेत उलट दिशेनेही निरोप धाडता येई: बाई प्रश्न विचारू शके, आणि दवाखान्यातील वागणुकीविषयी तक्रारही करू शके. तिसऱ्या विलंबावर बोट ठेवण्याचा अधिकार पेशंटच्या हाती येणे, ही साधी गोष्ट नव्हे.

आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘किलकारी’ सुरू केली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ बोलके संदेश. लिखित मजकूर न पाठविता आवाज पाठविला, हे शहाणपणाचे झाले; अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कान आहेत. मात्र मध्य प्रदेशात या योजनेची रीतसर परीक्षा झाली तेव्हा निव्वळ अंगावर पाजण्याच्या बाबतीत संदेश ऐकणाऱ्या व न ऐकणाऱ्या मातांत फरक आढळला नाही. कुटुंबनियोजनाच्या साधनांचा वापर मात्र थोडा वाढलेला दिसला. नुसते सांगून सवयी बदलत असत्या तर आमच्यासारख्या व्याख्यात्यांचे काम फारच सोपे झाले असते.

मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापिलेल्या ‘अरमान’ संस्थेची ‘एममित्र’ ही सेवा मराठीत व हिंदीत चालते. संदेश कोणत्या वेळी यावा हे बाईने स्वतः सांगावयाचे असते. वरवर क्षुल्लक वाटणारी ही बाब आहे. पण ज्या घरात फोन एकच आणि तो दिवसभर नवऱ्याच्या खिशात, त्या घरात संध्याकाळी सातची वेळ आणि दुपारी दोनची वेळ यांत सगळा फरक आहे. तरीही पुष्कळ जणी हळूहळू ऐकणे सोडून देत. तेव्हा २०२१ मध्ये सुमारे २३,००० मातांवर एक प्रयोग झाला: कोणाचे लक्ष उडण्याचा संभव आहे याचा अंदाज गणकयंत्राने करावयाचा, आणि मोजक्या कार्यकर्त्यांनी त्यांतल्या निवडक जणींना स्वतः फोन करावयाचा. सात आठवड्यांत गळतीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. नावे निवडली यंत्राने. पण फोन लावून, ‘ताई, संदेश ऐकत नाही का? वेळ बदलून हवी का?’ असे विचारावयाला माणूसच लागला.