झिप (पायथन)

पायथन या स्क्रिप्टिंग भाषेतील अंगभूत फंक्शन. दोन किंवा अधिक याद्यांतील एकाच स्थानावरचे घटक एकत्र बांधून ते लूपला टपलच्या रूपात पुरवणे, हे त्याचे काम. बॅरी वॉर्सा यांनी पेप २०१ या प्रस्तावात त्याची मांडणी केली आणि २००० साली पायथन २.० मध्ये ते भाषेत आले. तोवर इंडेक्स चालवून प्रत्येक यादीतून घटक वेगवेगळा उचलण्याची रीत होती. पायथन २ मध्ये झिप सगळ्या जोड्यांची तयार यादी देई, पायथन ३.० पासून (२००८) इटरेटर देते. त्यामुळे मोठी फाइल वाचताना मेमरी वाचते, पण एकदा संपलेला इटरेटर दुसऱ्या लूपला काहीच देत नाही.

सर्वांत आखूड यादी संपली की झिप मुकाट्याने थांबते. खरा धोका इथेच आहे. एका यादीत आशा, बाळू, चित्रा, दिनेश ही नावे आणि दुसरीत ७२, ५५, ८१ हे गुण असले, तर लूप तीनदाच फिरतो. दिनेश निकालातून गळतो, एरर येत नाही. त्यातही बाळूचे गुण भरायचे राहिले असतील तर चित्राचे ५५ बाळूच्या नावावर आणि दिनेशचे ८१ चित्राच्या नावावर चढतात. छापील निकाल मात्र व्यवस्थित दिसतो.

ब्रँट बुकर यांच्या पेप ६१८ मुळे पायथन ३.१० मध्ये (२०२१) ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय मिळाला. तो चालू केला की लांबी न जुळल्यास व्हॅल्यूएरर येतो. नोंदींच्या कामात तो नेहमी चालू ठेवावा. मात्र एरर येतो तो एक यादी संपल्यावर. तोपर्यंत वरच्या उदाहरणातील दोन चुकीच्या जोड्या डेटाबेसमध्ये गेलेल्या असू शकतात. म्हणून आधी सगळ्या जोड्या यादीत घ्याव्यात, मग लिहाव्यात. एकच यादी वेगळी सॉर्ट झाली असेल, तर लांबी जुळते आणि स्ट्रिक्टलाही काही कळत नाही. अशा वेळी रोल नंबर ही की धरून डिक्शनरीतून गुण शोधणे हाच भरवशाचा मार्ग.

आखूड यादी भरून घ्यायची असेल तर इटरटूल्स मॉड्यूलमधील झिप_लाँगेस्ट आहे. रुबीतील झिप पहिल्या यादीची लांबी प्रमाण मानते व कमी पडेल तिथे निल भरते. टीसीएलमध्ये फोरईच लूपच अनेक याद्या एकदम घेतो आणि रिकाम्या जागी रिकामी स्ट्रिंग ठेवतो.