मिशनच्या शाळेतले जोतीराव

ख्रिस्ती म्हटलं की माझ्या वर्गातल्या पोरांना तीनच गोष्टी आठवतात : इंग्रजी, नाताळचा केक आणि धर्मांतर. मुस्लिम मुलं असोत की हिंदू, उत्तर सारखंच. म्हणून पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या तरुणांची गोष्ट सांगावीशी वाटते.

धर्मांतराची भीती तेव्हाही होती, आणि ती हवेतली नव्हती. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं शाळेतून काढली. त्यानंतर दोनच वर्षांनी जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. त्यांचं थांबलेलं शिक्षण पुन्हा सुरू करा, असं वडिलांना पटवणारे दोघे होते : लिजिट साहेब आणि उर्दू-फारसीचे जाणकार गफ्फार बेग मुन्शी. एक ख्रिस्ती, एक मुसलमान.

जोतीरावांनी मिशनऱ्यांचं काम जवळून पाहिलं. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. चांगलं ते घेतलं, पण बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांच्याच पिढीतल्या बाबा पदमनजींनी तो १८५४ मध्ये घेतला. पुढे त्यांनीच हिंदू विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. धर्म बदलला, पण भाषा सुटली नाही की इथल्या बायकांचं दुःखही परकं झालं नाही.

“तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकं चांगलं कसं?” हा प्रश्न आपल्यापैकी कुणी ऐकला नाही? कौतुकाने विचारला तरी तो टोचतो, कारण त्यात आपल्याला पाहुणा ठरवलेलं असतं. वसईच्या किंवा नगरच्या ख्रिस्ती माणसाला आपली मुलं तेच विचारत असतील, तर आपल्या तक्रारीला वजन कसं उरणार?

जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे : आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता गोडीने राहतात. असं घर राहू द्या. निदान आपल्या मुलांनी शेजारच्या ख्रिस्ती घरी जाऊन, तिथे घरात कोणती भाषा बोलतात, एवढं तरी ऐकून यावं.